चारातून तीनदा उडणारं पिस्तूल

माझ्या बायकोचं पिस्तूल चार वेळा चाप ओढला तर तीनदाच उडतं, हे मला ती गेल्यावर चार महिन्यांनी कळलं. ती असती तर म्हणाली असती, डेल, तुला सगळंच उशिरा कळतं.

नेओमा जानेवारीत गेली. जाण्याआधी तिने पिवळ्या कागदावर यादी करून ठेवली होती, कुणाला काय द्यायचं याची. शिवणयंत्र शेजारच्या विल्माला. बरण्या चर्चच्या स्वयंपाकघराला. हिवाळ्यातला चांगला कोट पोस्टातल्या बाईला, कारण तिचा कोट खांद्यावर फाटला होता आणि ते नेओमाशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी एकेक ओळ पुरी करत आणली. कोट द्यायला गेलो तेव्हा पोस्टातली बाई रडली आणि मागे तिकिटांसाठी रांग लागली, ते सोडलं तर सगळं सुरळीत पार पडलं.

शेवटची ओळ अशी होती: "पिस्तूल शेल्बीला. चालतंय का बघून दे."

शेल्बी तिच्या बहिणीची मुलगी. नर्स आहे. मे महिन्याच्या शेवटी ती सिनसिनाटीतल्या हॉस्पिटलात रुजू होणार होती. तिथे एकटीने राहायचं आणि कामाची पाळी संपली की अपरात्री घरी यायचं. नेओमाने नुसतं "शेल्बीला दे" एवढं लिहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिने "बघून दे" लिहिलं, आणि मी बघायला गेलो.

पिस्तूल साधं. मी पंपांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होतो तेव्हा तिने ते घेतलं. दुकानातलं सगळ्यात स्वस्त. दिसायला असं, की कुणी तरी ड्रिल मशीनला इस्त्री चिकटवली आहे. जडही तसंच. "गोळ्या संपल्या तर फेकून मारता येईल," असं ती म्हणायची. निशाणा मात्र तिचा माझ्यापेक्षा बरा होता. हे मी आता सांगायला हरकत नाही.

एका मंगळवारी सकाळी मी ते घेऊन गोठ्यामागच्या मातीच्या दरडीकडे गेलो. पहिली गोळी उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्या वेळी नुसतं "टक". शहाण्या माणसाने करावं तसं, उशिरा उडालं तर म्हणून, मी पिस्तूल दरडीकडे रोखून अर्धं मिनिट उभा राहिलो, मग काडतूस काढून बघितलं. बुडावर बारीकशी खळी पडली होती, डासाने चावल्यासारखी. तिथे चांगला खड्डा पडायला हवा. चौथी पुन्हा उडाली.

परत येताना कुंपणापाशी विल्मा क्राउस उभी होती. विल्माला आमच्या घरातलं सगळं आमच्या आधी कळतं. त्यात तिचा दोष नाही, तिच्या धुण्याच्या खोलीची खिडकीच तशी आहे.

"डेल, कसले आवाज रे ते?"

"नेओमाचं पिस्तूल. बिघडलंय. चाप ओढतो आणि काही होतच नाही."

ती कुंपणाला धरून उभी राहिली. "तू चाप ओढलास?"

"ओढल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि उडालं नाही?"

"नाही ना."

"देवाची कृपा म्हणायची, डेल."

"कसली कृपा? मला ते उडायला हवंय. दर वेळी, न चुकता."

विल्माने मान हलवली आणि ती घरात गेली. तासाभरात ती ओव्हनमधून काढलेलं ट्यूना-नूडल्सचं भांडं घेऊन हजर. चौघांना पुरेल एवढं. आमच्या गावात असं भांडं मयताच्या आठवड्यात येतं. ते तर जानेवारीतच होऊन गेलं होतं. मला वाटलं, तिच्याकडे नूडल्स उरले असतील.

दुसऱ्या दिवशी मी बॉइड लॅशरच्या दुकानात गेलो. बॉइड पुढे खिळे, रंग आणि नळाचे वॉशर विकतो, मागच्या काउंटरवर बंदुका आणि काडतुसं. अशा पिस्तुलांना कधी कधी एका कंपनीची काडतुसं चालतात, दुसरीची चालत नाहीत. म्हटलं, दोन-तीन प्रकारची नेऊन बघू.

"कशासाठी हवीत?" बॉइडने विचारलं. बॉइडने आजवर मला कधी "कशासाठी" विचारलं नव्हतं. एकदा मी एकाच वेळी दोर, चुना आणि फावडं नेलं होतं, तेव्हासुद्धा नाही.

"पिस्तुलासाठी. आणखी कशासाठी?"

"नाही, म्हणजे निशाणेबाजी वगैरे?"

"निशाणेबाजी कसली बॉइड, हाताच्या अंतरावरचं काम. पण पहिल्या झटक्यात उडालं पाहिजे. अशा वेळी दुसरी संधी मिळत नाही."

मी शेल्बीच्या दारात उभ्या राहणाऱ्या चोराबद्दल बोलत होतो. बॉइड मात्र माझ्याकडे असा बघत राहिला, जसं दातांचा डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी बघतो.

"संपलीत," तो म्हणाला.

त्याच्या मागे छतापर्यंत खोकी होती. मी तिकडे बघितलं. त्यानेही वळून बघितलं.

"ती बुक झालीत," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का डेल, दोष काडतुसांचा नसतो. मनगट ढिलं असलं की ही पिस्तुलं अडतात. तुझं मनगट ढिलं पडत असेल."

एकतीस वर्षं मी पंपांचे बोल्ट आवळले. माझं मनगट ढिलं! शिवाय मनगट ढिलं असलं तर पुढची गोळी अडकते, बुडावरची खळी उथळ पडत नाही, एवढं मलाही कळतं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "घरी जा, जेव, आराम कर. आणि पाहिजे तर ते पिस्तूल इथे ठेवून जा. मी सांभाळतो. कितीही दिवस." मी म्हटलं, मला सांभाळणारा नको, दुरुस्त करणारा हवाय. मग त्याने मला एक वॉशर फुकट दिला. कशाचा ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन मी पिस्तुलाच्या कंपनीला फोन लावला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांची चूक काही नव्हती. खोक्यात एक कार्ड होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत "आजीवन हमी". फोनवर एक मुलगी होती. आवाज गोड होता.

"आजीवन हमी आहे, सर. काळजीच करू नका."

"कुणाच्या जीवनाची?" मी विचारलं.

ती जरा थांबली. "पिस्तुलाच्या, सर."

"मग बरं. कारण मालकिणीचं संपलं."

ती आणखी थांबली. मग म्हणाली, मूळ मालकाची सही लागेल. मी म्हटलं, मूळ मालक मेथडिस्ट चर्चच्या दफनभूमीत तिसऱ्या रांगेत आहे. मग ती म्हणाली, मृत्यूचा दाखला लागेल, आणि पिस्तूल कुरिअरने पाठवावं लागेल. मी म्हटलं, कुरिअरवाल्यांना विचारून झालंय, ते माझ्यासारख्या साध्या माणसाकडून पिस्तूल घेत नाहीत. पोस्टात विचारलं तर कोटवाली बाई पुन्हा रडायला लागली. तेव्हा तुम्ही मला फोनवरच सांगा काय उघडायचं ते. मी तयार आहे.

"सर, तुम्ही आता घरी एकटेच आहात का?"

"हो. पिस्तूल समोर टेबलावरच ठेवलंय. तुम्ही सांगाल तसं करतो."

तिने घाईघाईने मला दुसरा नंबर दिला आणि दोनदा म्हणवून घेतला. "लगेच लावा हं सर. प्लीज. तिथली माणसं खूप चांगली आहेत."

मी लगेच लावला. एका बाईंनी उचलला. वयस्कर, शांत आवाज. दुरुस्ती खात्यात बाई, याचं मला नवल वाटलं. पण हल्ली सगळीकडे असतात.

"तुम्ही सुरक्षित आहात ना?" त्यांनी आधी विचारलं.

"सेफ्टीचा खटका लावलेला आहे," मी सांगितलं.

त्या बाईंना पिस्तुलातलं काहीच कळत नव्हतं, हे दोन मिनिटांत माझ्या ध्यानात आलं. स्प्रिंग म्हटलं तरी "हं", पिन म्हटलं तरी "हं". पण ऐकून घेण्याची तयारी अशी, की मी आजवर कुठल्याच कंपनीत बघितली नव्हती. पिस्तूल कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ती कशी होती, असं विचारलं. मी तेही सांगितलं. ती मक्याचा पाव करायची त्यात साखर घालायची की नाही, इथपर्यंत आम्ही आलो. नाही घालायची. चाळीस मिनिटं झाली. ठेवताना त्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा फोन कराल ना?" मी म्हटलं, करीन. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की स्प्रिंगचं विचारायचं राहूनच गेलं.

तो नंबर दुरुस्ती खात्याचा नव्हता. ज्यांना जगणं नकोसं झालंय त्यांच्यासाठीचा होता. हे मला पुढे हार्लनने सांगितलं. तोवर मी तिथे तीनदा फोन केला होता.

हार्लन टीग माझा शाळेपासूनचा मित्र. लेथवर काम करायचा, आता घरच्या गॅरेजमध्ये लोकांच्या बंदुका दुरुस्त करतो. खरं तर मी पहिल्यांदा त्याच्याकडेच जायला हवं होतं. पण हार्लन दुरुस्तीबरोबर सल्ला देतो, आणि सल्ला संपेपर्यंत वस्तू परत देत नाही. म्हणून टाळत होतो. तर गुरुवारी तो स्वतःच दारात आला.

"ऐकलं, तुझं पिस्तूल अडतंय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दे इकडे. बघतो."

सल्ला नाही, काही नाही. पिस्तूल रुमालात गुंडाळलं आणि गेला. तीन दिवसांनी आणून दिलं. "झालं," म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता गाडीत बसला.

मी दरडीकडे गेलो. आठ काडतुसं भरली. आठांतलं एकही उडालं नाही. बुडावर खळी तर सोडाच, ओरखडाही नाही. म्हणजे आधी चारातून तीनदा उडणारं पिस्तूल हार्लनच्या हातून गेल्यावर पूर्ण मेलं. चाळीस वर्षांचा कारागीर! मी त्याला फोनवर तसं बोललो. रागावणं दूरच, तो समाधानाने म्हणाला, "एकही नाही उडालं? बरं. म्हणजे, वाईट झालं. आण परत. स्प्रिंग मागवावी लागेल."

स्प्रिंग येईना. कधी म्हणे गाडी चुकली, कधी म्हणे चुकीच्या मापाची आली. दरम्यान माझ्या घरी माणसांची रीघ लागली. सकाळी दहाला विल्मा. दुपारी आमचे पाद्री कॉय बेनफील्ड. ते येऊन बसायचे आणि अंगणातल्या पक्ष्यांबद्दल बोलायचे. त्यांना पक्ष्यांतलं काही कळत नाही. त्यांनी कावळ्याला दोनदा दुसरंच काही म्हटलं. आणि रोज एक भांडं. ट्यूना, चिकन, बटाटे, पुन्हा ट्यूना. माझ्या फ्रीजचं दार लागेना. बत्तीस वर्षांच्या संसारात नेओमाने मला कधी एकाच आठवड्यात दोनदा ट्यूना घातला नव्हता.

मग शेल्बीचा फोन आला. "डेलकाका, मी शनिवारी निघतेय. जाताना येते भेटायला. मावशीने माझ्यासाठी काही ठेवलंय असं आई म्हणत होती."

"ठेवलंय," मी म्हटलं. "ये तू."

तो गुरुवार होता. मी तसाच चपला घालून हार्लनच्या गॅरेजवर गेलो. तो टेबलापाशी बसून सँडविच खात होता. माझं पिस्तूल शेल्फवर पडलेलं, त्यावर धूळ बसलेली.

"हार्लन, तुला येत नसेल तर येत नाही म्हण. मी दुसरीकडे नेतो."

"येत नाही," हार्लन म्हणाला.

त्याने हे वाक्य आयुष्यात प्रथमच उच्चारलं असेल. मला संशय आला. मी पिस्तूल उचललं, वरची सरकती स्लाइड मागे ओढून उजेडात धरलं. जिथे काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन असते तिथे रिकामं भोक.

"पिन कुठाय?"

हार्लनने सँडविच खाली ठेवलं. शर्टाच्या खिशात हात घातला आणि पिन काढून टेबलावर ठेवली. दोन आठवडे ती त्याच्या खिशात होती. एवढीशी, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी.

"विल्माने मला पहिल्याच दिवशी फोन केला," तो म्हणाला. "मग बॉइडने. मग त्या कंपनीच्या पोरीने शेरीफच्या ऑफिसला कळवलं, आणि त्यांनी मला विचारलं, की हा तुझा दोस्त ना? काय करणार होतो मी? तू गावभर सांगत फिरतोयस, चाप ओढला पण उडालं नाही, एकदाच काम आहे, पहिल्या झटक्यात झालं पाहिजे. काय समजायचं माणसाने?"

मला सगळं समजायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आधी नूडल्सची लाज वाटली, आणि मग राग आला. "म्हणजे सगळ्या गावाने मिळून मला वेडा ठरवला? ते पिस्तूल शेल्बीसाठी आहे रे. नेओमाने लिहून ठेवलंय. चालतंय का बघून दे म्हणाली, म्हणून मी बघत होतो."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"कुणी विचारलं? काय बिघडलंय ते सगळ्यांनी विचारलं. कशाला हवंय ते फक्त बॉइडने विचारलं, आणि माझं उत्तर नीट ऐकलं नाही."

हार्लनने सँडविच बाजूला सरकवलं. मग त्याने चष्मा लावला, पिस्तूल खोललं, आणि जिथे पिन सरकते ती नळी कापसाच्या काडीने पुसली. काडी काळी आणि चिकट बाहेर आली. दुसरी घातली, तीही तशीच.

"हा घे तुझा बिघाड. तेल जुनं होऊन डिंकासारखं झालंय. पिन पुढे जातच नाही धड. पिनीच्या नळीत तेल घालायचंच नसतं. कोण घालत होतं?"

"मी," मी म्हणालो.

दर वसंतात मी घरभर तेल घालायचो. बिजागऱ्या, शिवणयंत्र, गॅरेजचं दार आणि तिचं पिस्तूल. ते मी तिची काळजी म्हणून करायचो. दुसऱ्या पाळीची ती सगळी वर्षं ती घरात एकटी, आणि उशाशी हे. कधी लागलं असतं तर उडालं असतं की नाही, कोण जाणे. आणि त्याला कारण मी.

"तिला कधी लागलं नाही ना?" हार्लन म्हणाला.

"नाही."

"मग झालं तर."

त्याने पिन बसवली. आम्ही त्याच्या परसातल्या मातीच्या ढिगाऱ्यात झाडून बघितलं. मी दोनदा मॅगझिन भरलं. सगळ्या गोळ्या उडाल्या. शेवटच्या आवाजानंतर विल्माचा फोन आला. हार्लनने उचलला आणि म्हणाला, "इथेच आहे. ठीक आहे. हो, दोघंही."

शनिवारी शेल्बी आली. मी तिला पिस्तूल दिलं, कसं ठेवायचं ते दाखवलं, आणि तेल घालू नकोस म्हणून बजावलं. तिने मला मिठी मारली. फ्रीजमधली दोन भांडी मी तिच्या गाडीत घातली. ती गेल्यावर मी यादीतल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि टेबलापाशी बसलो.

आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जानेवारीपासून रोज सकाळी उठायला ती यादी होती. शेवटची ओळ दोन आठवड्यांपूर्वीच संपायची होती, पण हार्लनच्या खिशामुळे लांबली. घर फार शांत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा आवाज नको वाटत होता.

मी उठलो आणि कोटांच्या कपाटातून माझी हरणांच्या शिकारीची रायफल काढली. आमच्या भागात ती प्रत्येक घरात असते. कुणी तिला बंदूक म्हणून मोजत नाही, जसं कुऱ्हाडीला कुणी हत्यार म्हणत नाही. वडिलांनी ती मी बारा वर्षांचा असताना मला दिली. ती कधी अडली नाही, कधी चुकली नाही. सगळं गाव दोन आठवडे नेओमाच्या बिघडलेल्या पिस्तुलावर डोळे ठेवून होतं, आणि ही कपाटात उभी होती.

फेब्रुवारीत एकदा मी ती काढून बसलो होतो. मग यादीतला कोट द्यायचा राहिलाय हे आठवलं, आणि परत ठेवली.

मी काडतुसांचं खोकं खिशात घातलं, रायफल रिकामी आहे याची खात्री केली, आणि भर दुपारी रस्त्याने चालत हार्लनकडे गेलो. तो पान्याने काही तरी आवळत होता.

"आता हिचं काय बिघडलंय?" त्याने वर न बघता विचारलं.

"हिचं काहीच नाही," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं. पाना खाली ठेवला. रायफल दोन्ही हातांनी घेतली. खोकं मी टेबलावर ठेवलं. त्याने एक सल्लाही दिला नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक बंदुकीला हार्लन पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो. नाव, तक्रार, न्यायची तारीख. त्याने चिठ्ठी घेतली आणि माझं नाव लिहिलं. मग पेन्सिल थांबली.

"तक्रार काय लिहू?"

"चालते," मी म्हणालो.

त्याने तसंच लिहिलं. "चालते." मग तारखेच्या जागी "नोव्हेंबर, शिकारीचा पहिला दिवस" असं लिहिलं आणि त्याखाली, एरवी कधी लिहीत नाही ते, ठळक अक्षरांत: "मालकाने स्वतः येऊन न्यावी."

चिठ्ठी बांधून त्याने रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी शर्टाच्या खिशात टाकली.

"येशील ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, येईन.